साहेबांचं पोट

साहेब म्हणजे कुत्रा, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. हॉस्पिटलात 'साहेब आले' असं कुणी म्हटलं की नव्याने लागलेल्या नर्सा घाईघाईने उठून टोपी सावरायच्या, आणि मग अंगावर चामड्याचा हार्नेस चढवलेला, भलताच गंभीर चेहऱ्याचा तो तांबूस कुत्रा बघून ओशाळायच्या. साहेबांना मानापमानाचं काही नव्हतं. ते ऑपरेटरबाईंना सरळ लिफ्टपाशी न्यायचे, तिसऱ्या मजल्यावर उतरून टेलिफोनच्या खोलीत पोचवायचे, आणि टेबलाखाली जे आडवे व्हायचे ते थेट जेवणाच्या सुट्टीपर्यंत.

ऑपरेटरबाईंना जन्मापासून दिसत नव्हतं. बावीस वर्षं त्या हॉस्पिटलच्या टेलिफोन बोर्डावर बसत होत्या, आणि त्यांच्या कानाची ख्याती अशी की नुसत्या 'हॅलो'वरून कुठल्या वॉर्डातून कोण बोलतंय, त्याचं डोकं आज ठिकाणावर आहे की नाही, आणि त्याच्या मागे कुणाच्या हातून कप पडला, सगळं सांगायच्या. स्वभाव जरा ताठ होता, हे कबूल केलंच पाहिजे. पण ज्या बाईला अठरा वर्षं भावाने हाताला धरून कामावर सोडलं आणि संध्याकाळी तो न्यायला येईपर्यंत जी हॉस्पिटलच्या दारातल्या बाकावर बसून राहिली, तिच्या ताठपणाला उगाच कुणी नावं ठेवू नयेत. दादा भला माणूस, कधी कुरकुरला नाही. पण त्याला उशीर झाला की बाईंना वाटायचं, आपण माणूस नाहीच, कुणीतरी न्यायचं विसरलेलं पार्सल आहोत. साहेब आले आणि ते बाकावरचं बसणं सुटलं. चार वर्षं झाली, बाई मनात येईल तेव्हा घराबाहेर पडत होत्या, आणि मनात नसलं तरी पडत होत्या, केवळ पडता येतं म्हणून.

साहेब आले होते ते आंधळ्या माणसांसाठी कुत्रे तयार करणाऱ्या शाळेतून. तिथल्या शिक्षकांना सगळेच मास्तर म्हणायचे. मास्तरांनी बाईंना तीन आठवडे सगळं नीट शिकवलं होतं. हार्नेस कसा चढवायचा, हुकूम कसे द्यायचे, सकाळी हार्नेस घालण्याआधी साहेबांना गवतावर नेऊन 'आटप' कसं म्हणायचं. खाण्यासाठी एक मापाचा कपही दिला होता. सकाळी एक कप, संध्याकाळी एक कप, वर दाणा नाही. बाईंनी तो महिनाभर वापरला आणि मग खणात टाकून दिला. कोरड्या खाण्याचा एक मोठा डबा होता, त्याच्या झाकणाला एका बाजूला चोचीसारखं तोंड होतं. डबा कलता केला की दाणे स्टीलच्या भांड्यात खडखड पडायचे, बाई मनात आठ आकडे मोजायच्या आणि डबा सरळ करायच्या. आठ आकडे म्हणजे बरोबर एक कप. दादाने एकदा गंमत म्हणून मोजून पाहिलं तर पाच-सहा दाण्यांचा फरक निघाला. तेव्हापासून बाईंनी मापाचं नाव काढलं नाही.

बिघडायला सुरुवात झाली ती एका सोमवारी. पहिल्यांदा टेलिफोनच्या खोलीत असा काही वास सुटला की बाईंनी मोठ्या सर्जनांचा फोन चालू असताना उठून खिडकी उघडली. होतं कधीकधी, असं म्हणून सोडून दिलं. पण दुसऱ्या दिवशी साहेब टेबलाखाली आडवे होईनात. उठायचे, बसायचे, स्वतःभोवती फिरायचे, बारीक कुंई कुंई करायचे. रस्त्याने जाताना फुटपाथच्या कडेच्या गवताकडे ओढ घ्यायला लागले. बाई हार्नेसला झटका देऊन 'सरळ' म्हणायच्या, साहेब दहा पावलं सरळ जायचे आणि पुन्हा ओढायचे. आणि चौथ्या दिवशी, नुकत्याच पुसलेल्या तिसऱ्या मजल्याच्या लांबलचक व्हरांड्यात, मधोमध, जे होऊ नये तेच झालं. सफाईच्या मावशी चांगल्या, त्या एक शब्द बोलल्या नाहीत. साहेब मात्र मान खाली घालून उभे होते, आणि बाईंच्या तर कानशिलांपर्यंत आग पेटली होती.

बाईंनी स्वतःपुरता निकाल लावून टाकला. भेटायला येणारे लोक साहेबांना चोरून बिस्किटं चारतात! खोलीच्या दारावर दुसऱ्या दिवशी पाटी लागली, साहेबांना काही खायला घालू नये. लोकांनी आधीही घातलं नव्हतं आणि पाटी वाचूनही घातलं नाही, त्यामुळे फरक काहीच पडला नाही. मग जनावरांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी जंतांच्या गोळ्या दिल्या आणि खाण्यात काही बदल केलाय का म्हणून विचारलं. काडीचाही नाही, बाई म्हणाल्या, चार वर्षं तेच खाणं, तेच माप. त्या इतक्या ठासून बोलल्या की डॉक्टरांची पुन्हा विचारायची छाती झाली नाही.

गोळ्यांनी गुण आला नाही. उलट दुसऱ्या आठवड्यात लिफ्टवाले काका लाडाने साहेबांच्या पोटावर थोपटायला वाकले, तर साहेब चक्क गुरगुरले. चार वर्षांत पहिल्यांदा. काकांनी ते हसण्यावारी नेलं, पण लिफ्टमधले बाकीचे गप्प झाले, आणि ती शांतता बाईंना नीट ऐकू आली. त्यानंतर दोनच दिवसांनी चौकात रस्ता ओलांडताना साहेबांनी डावीकडे जोरात हिसडा दिला, बाई फुटपाथच्या कडेवर गुडघ्यावर पडल्या. गुडघा सोलवटला, मोजा फाटला. त्याचं बाईंना फार वाटलं नाही. पण पडण्याची गोष्ट शाळेला कळवायची असते, तसा नियम होता. बाईंनी कळवलं नसतं, पण मेट्रनबाईंनी गुडघा बघितला आणि त्यांनी कळवलं. मेट्रनबाईंचं चुकलं असंही नाही.

मास्तरांचा फोन आला. शुक्रवारी सकाळी येतो, म्हणाले, बघतो, मग ठरवू. आवाज नेहमीसारखा शांत होता. पण ठरवायचं काय आहे ते बाईंना पक्कं ठाऊक होतं. जो कुत्रा गुरगुरतो आणि रस्त्यात ओढतो, त्याला शाळा परत नेते. त्याला कुठेतरी बागेचं घर मिळतं, त्याचं वाईट होत नाही. दुसऱ्या कुत्र्यासाठी यादीत नाव लागतं आणि दोन-तीन वर्षं जातात. तोवर पुन्हा दादाचा हात, पुन्हा तो बाक.

आणि एक गोष्ट होती, जी बाईंनी कुणालाच सांगितली नव्हती. दादाला नाही, वहिनीला नाही, डॉक्टरांना तर नाहीच. ज्या सोमवारी साहेब बिघडले त्याच्या आदल्या दिवशी सकाळी बाईंनी डबा कलता केला आणि दाणे पडले, पण खडखड वाजले नाहीत. नुसताच सर्रर्र असा मऊ आवाज आला. संध्याकाळी पुन्हा तोच. बाईंना तेव्हा चांगलीच सर्दी झाली होती, म्हणून वाटलं की कान बंद झालेत. पण सर्दी गेली आणि आवाज तसाच मऊ राहिला. कानाच्या डॉक्टरांनी मागे एकदा बोलता बोलता सांगितलं होतं, ऐकू येणं कमी व्हायला लागलं की उंच, टणक आवाज आधी जातात. ते वाक्य आता बाईंच्या डोक्यात ठाण मांडून बसलं. डोळे नव्हतेच, आता कान निघाले, असं त्यांना वाटलं. बोर्डावर त्या लोकांना 'पुन्हा सांगता का' म्हणायला लागल्या, जे नीट ऐकू आलेलं असायचं तेही. भीती अशी की कुणापाशी बोललं तर ती खरीच होऊन बसेल. म्हणून त्या मूग गिळून होत्या.

शुक्रवारी साडेसहाला मास्तर दारात. वहिनीने दार उघडलं. वहिनी म्हणजे दादाची बायको, मायाळू आणि अखंड बोलणारी. एकेकाळी ती बाईंना सगळं वाचून दाखवायची, साबणाच्या वेष्टनापासून औषधाच्या चिठ्ठीपर्यंत, आणि त्याचा बाईंना इतका वीट आला की तीन वर्षांपूर्वी त्यांनी ताडकन सांगून टाकलं होतं, या स्वयंपाकघरातला डबा न् डबा मला माहीत आहे, मला पाट्या वाचून दाखवू नका. वहिनीने ते मनाला लावून घेतलं आणि त्यानंतर खरंच कधी वाचलं नाही.

मास्तरांनी साहेबांच्या कानामागे खाजवलं, पोट अलगद चाचपलं. साहेबांनी अंग चोरलं, गुरगुरले मात्र नाहीत, मास्तर जुने ओळखीचे. मग मास्तर म्हणाले, मी इथे नाहीच असं समजा, रोजच्यासारखं सगळं करा. बाईंनी स्टीलचं भांडं ओट्यावर ठेवलं, डबा कलता केला, आठ आकडे मोजले, डबा सरळ केला. साहेब नेहमीसारखे बसून वाट बघत होते. बाई भांडं खाली ठेवणार, तेवढ्यात मास्तरांनी त्यांचा हात धरला आणि घरात तराजू आहे का विचारलं.

वहिनीने स्वयंपाकाचा तराजू काढून दिला. मास्तरांनी भांड्यातले दाणे त्यावर ओतले. मग खणातून तो जुना कप मागवला, तो भरून वजन केलं, मग पुन्हा सगळं वजन केलं. मग डब्यात हात घालून मूठभर दाणे काढले आणि बाईंच्या तळव्यावर ठेवले.

पहिला महिना सोडला तर बाईंनी चार वर्षांत डब्यात हात घातला नव्हता. घालायची वेळच आली नव्हती, डबा कलता केला की झालं. जुने दाणे शर्टाच्या बटणाएवढे असायचे, हे त्यांना पहिल्या महिन्यापासून आठवत होतं. हातातले हे दाणे मिरीएवढे होते, आणि बोटांना तेलकट लागत होते.

"हे पिल्लांचं खाणं आहे," मास्तर म्हणाले. "वाढत्या पिल्लांना देतात, जड असतं, चरबी जास्त असते. आणि दाणा बारीक, म्हणून भसाभसा पडतो. तुमच्या आठ आकड्यांत जवळजवळ दोन कप येतात."

वहिनीच्या हातातली बशी ओट्यावर आपटली. तिने रडतरडत सगळं सांगितलं. नेहमीची पिशवी दुकानात नव्हती. दुकानदाराने ही दिली, म्हणाला, याहून भारी आहे, मांस जास्त आहे. तिने आणली, डब्यात ओतली, पिशवी टाकून दिली. पिशवीवर मागे काहीतरी लांबलचक छापलेलं होतं, नवं खाणं जुन्यात थोडं थोडं मिसळून आठवडाभरात बदला, असं काहीतरी. वाचून दाखवावं असं क्षणभर मनात आलं होतं, पण ताईंना आवडत नाही म्हणून तोंड बंद ठेवलं. साहेबांचं बिघडलं तेव्हाही तिच्या डोक्यात या दोन गोष्टींची सांगड बसली नाही. भारी खाण्याने कुणाचं पोट बिघडतं, असं तिला कुठे माहीत होतं?

मास्तरांनी तिला रडू दिलं. मग ते बाईंकडे वळले. त्यांना एकच गोष्ट कळत नव्हती, म्हणाले. ज्या बाईला फोनवर मागे फुटलेला कप ऐकू येतो, तिला रोज दोनदा दाण्यांचा आवाज बदललेला ऐकू आला नाही, हे कसं?

"आला," बाई म्हणाल्या. "पहिल्याच दिवशी आला. मला वाटलं, माझे कान गेले."

मग मास्तरांनी डब्यातले पाच-सहा दाणे स्टीलच्या ताटलीत टाकले, आणि मागोमाग स्वतःच्या कोटाचं एक सुटलेलं बटण टाकलं. दाणे सर्रर्र झाले, बटण टण्णकन वाजलं. बाईंनी ते पुन्हा टाकायला लावलं. मग तिसऱ्यांदा. तिसऱ्यांदा टण्ण झालं तेव्हा बाईंना हसू फुटलं आणि त्या हसता हसता ओट्याला धरून खाली बसल्या. कान होते. जिथल्या तिथे होते. बारीक ते बारीक ऐकत होते आणि जाड ते जाड, तीन आठवडे खरं तेच सांगत होते, आणि बाईंनी त्यांच्यावरच संशय घेतला होता.

हसू ओसरल्यावर मास्तरांनी दुसरी गोष्ट सांगितली आणि ती ऐकून बाईंना रडू आलं. हार्नेस अंगावर असताना शी-शू करायची नाही, हे या कुत्र्यांच्या हाडीमाशी रुजवलेलं असतं. पोटात कळा येत असताना साहेब ते पाळत होते, एकदाच त्या व्हरांड्यात त्यांचा नाइलाज झाला. गवताकडे ओढत होते तो उनाडपणा नव्हता, ते परवानगी मागत होते. कुंई कुंई करत होते तेही त्याचसाठी. लिफ्टमध्ये दुखऱ्या पोटावर हात पडला म्हणून गुरगुरले, माणसं नकोशी झाली म्हणून नव्हे. आणि दर वेळी बाईंनी हार्नेसला झटका देऊन 'सरळ' म्हटलं होतं.

"त्या दिवशी चौकात तो ओढत होता," बाई म्हणाल्या, "आणि मी त्याला म्हटलं, तुला लाज वाटत नाही का."

साहेब त्यांच्याशेजारी बसून रिकाम्या भांड्याकडे बघत होते. हा सगळा तमाशा चालला होता आणि नाश्त्याचा पत्ता नव्हता.

मास्तरांनी सांगितलेला उपाय इतका साधा होता की बाईंना आधी राग आला. दोन दिवस उकडलेला भात आणि बिनमिठाची, बिनतेलाची उकडलेली कोंबडी, थोडं थोडं, दिवसातून चार वेळा. तिसऱ्या दिवसापासून त्यात जुनं नेहमीचं खाणं मुठीने मिसळत जायचं, आठवड्याभरात पूर्ण त्यावर यायचं. मध्ये काही नवीन नाही, लाड नाही, बिस्किट नाही. माप कपाने. पण साहेबांना ठेवायचं की नाही, हे ते आज सांगू शकत नव्हते, हेही त्यांनी स्पष्ट केलं. कुत्रा गुरगुरलाय, बाई पडल्यात, शाळेला तेवढ्यावर गप्प बसता येत नाही. पोट बरं झाल्यावर काही दिवस ते बघतील, आणि मग कळवतील.

त्या दिवशी वहिनी दोनदा बाजारात गेली आणि दुसऱ्या खेपेला शहराच्या दुसऱ्या टोकाच्या दुकानातून जुन्या खाण्याची पिशवी घेऊन आली. बाईंनी तिला समोर बसवलं आणि पिशवीवरचं सगळं वाचायला लावलं, पुढून, मागून, कडेचं बारीक छापलेलंही. वहिनीने पत्त्यासकट वाचलं. मध्येच ती अडखळली, तेव्हा बाईंनी तिचा हात धरून सांगितलं की चूक तुमची एकटीची नाही, तुमचं तोंड मीच बंद केलं होतं. वहिनी म्हणाली, ते उघडायला आता फार वेळ लागणार नाही. आणि खरंच लागला नाही.

पहिल्या दोन दिवसांतच गुण दिसला. कुत्र्याच्या मागे पिशवीने उचलणाऱ्या माणसाला गुण आलाय की नाही हे दुसऱ्या कुणी सांगावं लागत नाही. बाईंनी इतक्या आनंदाने ती बातमी दादाला चहाच्या टेबलावर दिली की दादाने कप खाली ठेवला. चौथ्या दिवशी साहेब टेबलाखाली आडवे झाले आणि घोरायला लागले. बाईंनी कानाला लावलेला रिसीव्हर बाजूला सरकवून ते घोरणं ऐकलं. सहाव्या दिवशी लिफ्टवाले काका पुन्हा वाकले, या वेळी जरा बिचकत, आणि साहेबांनी त्यांच्या हाताला नाक लावलं. गवताच्या कडेने साहेब नाकासमोर चालायला लागले. बाईंचा हात हार्नेसवर सैल पडला तसे साहेबही सैल झाले, की साहेब सैल झाले म्हणून बाईंचा हात, ते सांगणं अवघड.

पण फोन काही येईना. दहा दिवस झाले, बारा झाले. बोर्डावर बाहेरची लाइन वाजली की बाईंचा जीव वरखाली व्हायचा, आणि पलीकडून कुणीतरी बाळंतिणींचा वॉर्ड मागायचं. घरी कुणी विषय काढत नव्हतं. वहिनी दिवसभर पाट्या वाचून दाखवत होती, पण याबद्दल एक अक्षर नाही.

चौदाव्या दिवशी, गुरुवारी दुपारी, लाइन वाजली. बाई नेहमीच्या आवाजात हॉस्पिटलचं नाव बोलल्या. पलीकडे मास्तर होते. ते म्हणाले, मी तीन दिवस तुमच्या मागून चालत होतो, तुम्हाला न सांगता. बाई म्हणाल्या, ठाऊक आहे, मंगळवारी बेकरीपाशी शिंकलात, आणि तुमच्या डाव्या बुटाचा तळ सुटलाय तो शिवून घ्या. मास्तर मोठ्याने हसले. त्यांचं हसणं थांबेपर्यंत बाईंनी श्वास घेतला नाही.

"साहेब तुमच्याकडेच राहणार," मास्तर म्हणाले. "आत्ताच सही करून आलो."

बोर्डावर एक लाइन वाजायला लागली, मग दुसरी. बाई खुर्चीवरून उतरल्या आणि रिसीव्हर हातात धरून टेबलाखाली जाऊन बसल्या. झोपलेल्या साहेबांचा कान चाचपून त्यांनी रिसीव्हर तिथे लावला.

"मास्तर," त्या कशाबशा म्हणाल्या, "जरा त्यांनाच सांगा."

मग मास्तरांचा आवाज आला, ऑफिसात वरिष्ठांशी बोलताना असतो तसा, अगदी अदबीने. साहेब, तुमची बदली रद्द झाली आहे.

साहेबांनी एक डोळा उघडला, शेपूट दोनदा जमिनीवर आपटलं, बाईंच्या मांडीवर डोकं टाकलं आणि पुन्हा झोपले. वर आता तीन लाइनी वाजत होत्या. बाईंनी एका हाताने डोळे पुसले, दुसरा साहेबांच्या मानेवर ठेवला, आणि बावीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी फोन वाजू दिले.